पगाराचं कोणी बोलायचं?

पगार हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरून आला, हे सांगावं लागतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ‘पगार झाला का?’ असं आपण सहज विचारतो. ‘वेतन जमा झालं का?’ असं घरात कोणी विचारत नाही. शब्द मात्र पोर्तुगीज आहे. ‘पागार’ म्हणजे देणं चुकतं करणं. त्या क्रियापदाचं आपण नाम करून घेतलं. बांधकामावर पाहिलं तर पोर्तुगीजांचा मुक्काम अजून हललेला नाही. मेस्त्री त्यांचा, त्याच्या हाताखालच्या माणसाच्या डोक्यावरचं घमेलं त्यांचं, आणि आठवड्याच्या शेवटी हातात पडणारा पगारही त्यांचाच.

आणखी मागे गेलं तर हा ‘पागार’ लॅटिनमधल्या ‘पाकारे’पाशी पोचतो. त्याचा अर्थ शांत करणं, समजूत घालणं. मुळाशी ‘पाक्स’ म्हणजे शांतता. इंग्रजी ‘पे’ त्याच कुळातला. ज्याचं देणं लागतो तो दारात ओरडत बसू नये म्हणून त्याला गप्प करायचं, म्हणजे पैसे द्यायचे. शब्द घडला तो देणाऱ्याच्या ओट्यावर. घेणाऱ्यानं काय केलं, किती राबला, याचा त्यात मागमूस नाही. त्याची कटकट मिटली, एवढंच त्यात आहे.

मजुरीचं तसं नाही. फारसीत ‘मुज्द’ म्हणजे मोबदला आणि ‘मुज्दूर’ म्हणजे तो मिळवणारा. त्याचा मजदूर झाला आणि आपल्याकडे मजूर. या ‘मुज्द’चं संस्कृत भावंड म्हणजे वेदातला ‘मीढ’. त्याचा अर्थ चढाओढीत जिंकलेलं बक्षीस. म्हणजे हा शब्द घेणाऱ्याच्या बाजूनं बोलतो. तरी व्यवहारात प्रतिष्ठा पगाराला आणि हलकेपणा मजुरीला. पगार होतो, मजुरी पडते. पगारदार माणसाला मुलगी देतात, मजूर माणसाची चौकशी करतात.

मोबदल्याच्या शब्दांकडे असं पाहू लागलं की प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारावासा वाटतो: हा आकडा ठरवताना बोललं कोण? एकट्यानं मालकासमोर बसून आपला भाव ठरवणं न्याय्य, की सगळ्यांनी मिळून एक दर मागणं न्याय्य, हा वाद अर्थशास्त्राच्या वर्गात होतो, कारखान्याच्या फाटकावर होतो आणि आता हिंजवडीच्या उपाहारगृहातही होतो. मराठीनं या वादात आपली साक्ष आधीच नोंदवून ठेवली आहे, पण ती एका बाजूची नाही.

एकट्याच्या बोलणीसाठी आपल्याकडे अस्सल शब्द आहे, घासाघीस. घासल्याशिवाय भाव उतरत नाही, आणि घासताना झिजतो तो ज्याला घाई असते. भाजीच्या गाडीवर ही झीज सोसवते. मजूर नाक्यावर सोसवत नाही. सकाळी आठच्या सुमाराला ठेकेदाराची गाडी थांबते, ‘बिगारी पाहिजेत’ अशी हाक येते, चार माणसं पुढे होतात. पहिला एक आकडा सांगतो, दुसरा त्याहून कमी, आणि काल बारा वाजेपर्यंत थांबूनही काम न मिळालेला चौथा आकडा सांगतच नाही, गाडीत चढून बसतो. यात कोणी कोणावर जबरदस्ती केली नाही. करार दोघांच्या राजीखुशीचा. पण ‘नाही’ म्हणण्याची किंमत एकाला अर्ध्या दिवसाचा खोळंबा आणि दुसऱ्याला संध्याकाळचा स्वयंपाक.

त्या हाकेतला ‘बिगारी’ हा शब्दही बघण्यासारखा आहे. फारसी ‘बेगार’ म्हणजे फुकट राबवून घेणं. आजचा बिगारी रोज घेतो, पण नावातली फुकटेपणाची खूण गेलेली नाही. त्याच अर्थाचा आपला जुना शब्द वेठ, संस्कृत ‘विष्टी’चं रूप. दोन्ही जोडून वेठबिगार: फुकट राबणं दोन भाषांत दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे त्याचं ओझं शब्दात मावलं. वेठीस धरणं म्हणजे गावातल्या माणसाला सक्तीनं कामाला जुंपणं. आता वाक्प्रचाराची गंमत पाहा. एसटीचा, पालिकेचा किंवा डॉक्टरांचा संप झाला की मथळा ठरलेला असतो: संपकऱ्यांनी जनतेला वेठीस धरलं. ज्यांचे पूर्वज वेठीला धरले जात होते त्यांनी काम थांबवलं, तर वेठीस धरण्याचा आरोप त्यांच्यावरच. शब्दानं पूर्ण कूस बदलली, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

संप हा शब्द मात्र अजून सरळ आहे. गुजरातीत संप म्हणजे एकी, सलोखा; ‘संप त्यां जंप’ ही तिथली म्हण, एकी असेल तिथे सुख. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ काम बंद. कारणाचं नाव कार्याला पडलं: आधी एकी झाली, मग काम थांबलं, आणि मुंबईच्या गिरणगावात दुसरी गोष्ट इतक्यांदा दिसली की पहिली विसरली गेली. शेजारचा हरताळ वेगळ्या घरातला. तो हाट आणि टाळं यांच्यापासून आलेला, बाजाराला कुलूप लावण्याचा, म्हणजे व्यापाऱ्यांचा. (‘हरताळ फासणे’ हा आणखी तिसराच, पोथीतली चुकीची अक्षरं पिवळ्या हरताळानं पुसत, त्यावरून आलेला.) दुकानदाराला एकट्यानंही टाळं लावता येतं. संप एकट्याला करता येत नाही. एकट्यानं केला तर त्याला खाडा म्हणतात.

मुंबईत या एकीची पहिली मोठी खूण 1884 सालची. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यातल्या मागण्या आज वाचताना अंगावर येतात त्या त्यांच्या साधेपणामुळे: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, आणि झालेल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. रविवारची सुट्टी मिळायला 1890 उजाडलं. आता यातली कोणती गोष्ट एकट्या कामगाराला मागून मिळाली असती? इंजिन एक, पट्टे एक, भोंगा एक. एकाला रविवार द्यायचा तर गिरणीच बंद ठेवावी लागते. काही गोष्टी स्वभावतःच सामाईक असतात, त्यांची बोलणीही सामाईकच होऊ शकते.

आणि एकट्यानं बोलायचं तर कोणाशी? मालकाशी त्याची गाठच पडत नसे. मध्ये जॉबर होता. भरती तो करी, काढून तो टाकी, बदली कामगाराला सकाळी फाटकातून आत घ्यायचं की परत पाठवायचं हे तोच ठरवी, आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. दस्तुरी म्हणजे रिवाजाप्रमाणे द्यायची रक्कम. लाचेला इतकं सभ्य नाव मिळालं की ती मागताना लाजायचं कारण उरलं नाही. ज्याला व्यक्तिगत करार म्हणतात तो गिरणगावात बऱ्याचदा असा होता.

इंग्रजीत या सामाईक बोलणीला नाव दिलं समाजशास्त्रज्ञ बिॲट्रिस वेब यांनी, 1891 साली. त्याचं आपण ‘सामूहिक सौदेबाजी’ केलं आणि तिथे गडबड झाली. सौदा हा शब्द निर्मळ आहे. त्याला ‘बाजी’ लागली की वास बदलतो. राजकारणात सौदेबाजी होते, खुर्चीसाठी होते. एकट्यानं पगार वाढवून मागितला तर तो ‘आपली किंमत ओळखतो’, आणि हजारांनी मागितला तर सौदेबाजी. भाषांतर करणाऱ्याच्या मनात हे नसेलही, पण कानाला तेच ऐकू येतं.

याहून कितीतरी चांगला शब्द आपल्याच जुन्या पेटीत पडून आहे. कौटिल्याचं अर्थशास्त्र शामशास्त्रींनी 1909 साली म्हैसूरहून छापलं, आणि पुढे र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्याच्या तिसऱ्या अधिकरणात नोकर आणि मजूर यांचे नियम आहेत. तिथे मजुरांचे दोन प्रकार येतात: संभाषितवेतन आणि असंभाषितवेतन. ज्याच्या मोबदल्याचं बोलणं झालं आहे तो पहिला. त्याला बोलल्याप्रमाणे मिळावं. ज्याचं बोलणं झालं नाही त्याला वाऱ्यावर सोडायचं नाही: शेतावर राबणाऱ्याला पिकाचा दहावा हिस्सा, गुराख्याला तुपाचा, विक्री करणाऱ्याला मालाचा. आणि एक कलम तर आजच्या मनुष्यबळ विभागाला झोप येऊ देणार नाही. मजूर आणि मालक यांच्यात काय ठरलं आहे हे शेजारपाजाऱ्यांना ठाऊक असावं, असं कौटिल्य सांगतो.

गटानं काम घेणाऱ्यांसाठी तिथे संघभृत हा शब्द आहे. त्यांनी मोबदला आपसात ठरल्याप्रमाणे किंवा सारखा वाटून घ्यावा; कामाला उशीर झाला तर त्यांना सात रात्रींची सवड. म्हणजे एकटा आणि गट, दोन्ही वाटा उघड्या, आणि गटाला थोडी ढील. पण कौटिल्याला कामगारांचा कैवारी ठरवायची घाई नको. मोबदला घेऊन काम न करणाऱ्या मजुराला दंड बारा पणांचा, आणि काम करून घेऊन मोबदला बुडवणाऱ्या मालकाला मोबदल्याचा दहावा भाग किंवा सहा पण. तराजू कोणाकडे झुकलेला होता हे वेगळं सांगायला नको.

संघभृतांची वाटणी अगदीच पोथीत राहिली असंही नाही. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कायदा झाला. माथ्यावर ओझं वाहणारे ते माथाडी. त्यांच्या मजुरीची रक्कम आणि वरची लेव्ही व्यापाऱ्यानं माथाडी मंडळाकडे भरायची, आणि टोळीच्या कामाचे पैसे मंडळानं टोळीतल्या कामगारांना द्यायचे. बाजार समितीच्या पट्टीवर हमाली, तोलाई, वाराई असे शब्द आणि त्यांचे दर छापलेले असतात. ते दर शेतकऱ्याला माहीत, अडत्याला माहीत, हमालाला माहीत. शेजाऱ्यांना ठाऊक असावं म्हणजे काय, ते तिथे कळतं.

याउलट ‘श्रेणी’ या शब्दाचा प्रवास उतरणीचा. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा लेख आहे. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर गरजांसाठी त्यानं गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन निकायांकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण व्याज ठरलं. राजाचा जावई विणकरांच्या संघटनेकडे कायमची ठेव ठेवतो, इतकी तिची पत. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या, धान्यवाल्यांच्या अशाच संघटना भेटतात. तिथे त्यांना ‘सेणि’ म्हटलं आहे, म्हणजे श्रेणी. ही आजची युनियन नव्हे, कारागिरांचीच मंडळी ती. पण श्रेणी म्हणजे एकत्र आलेली माणसं, हे नक्की. आज श्रेणी राहिली ती वेतनश्रेणीत, आकड्यांची एक उतरंड. माणसं गळून गेली, रांग उरली.

आणि त्या रांगेवरचा आक्षेप खोटा नाही. सब घोडे बारा टक्के! जीव तोडून शिकवणारा मास्तर आणि पाट्या टाकणारा मास्तर यांची वार्षिक वाढ एकच. बँकांचे द्विपक्षीय करार 1966 पासून चालत आले आहेत. मार्च 2024 मधल्या बाराव्या करारानं वेतनखर्चात सतरा टक्के वाढ झाली. काउंटरवर गोड बोलणाऱ्यालाही ती मिळाली, आणि ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणून मान वर न करणाऱ्यालाही. कर्तबगार माणसाला हे टोचतं, आणि त्याचं टोचणं समजून घेतलं पाहिजे. करार हा शब्द अरबी, अर्थ स्थिरता, ठरणं; ‘बेकरार’ गाण्यांत भेटतो तो त्याचाच उलटा भाऊ. करारानं स्थिरता येते, आणि स्थिर झालेलं कधी कधी साचतं.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे. एकत्र बोलताना ‘आपण’ म्हणजे कोण? 1928 च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न नेमक्या जागी विचारला. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, पण तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यात सूत ओढायला तोंड लावावं लागे, म्हणून विटाळाचं कारण पुढे केलं जाई. आणि विरोध करणारे मालक नव्हते, सोबतचे कामगार होते. एकीच्या नावानं निघालेल्या संपात हा विटाळ तसाच ठेवायचा असेल तर ती कोणाची एकी? त्याच आंबेडकरांनी पुढे 7 नोव्हेंबर 1938 रोजी संपाच्या हक्कावर मर्यादा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीनं संप घडवला. त्यांना संप नको नव्हता. संपाच्या ‘आपण’मध्ये सगळे हवे होते.

1982 चा गिरणी संप याच प्रश्नाचं दुसरं टोक. मुंबई औद्योगिक संबंध कायदा 1946 सालचा. त्यानुसार कापड गिरण्यांत मालकांशी बोलण्याचा अधिकार एकाच प्रातिनिधिक संघटनेला, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार मात्र दत्ता सामंत या पुढाऱ्याच्या मागे गेले. 18 जानेवारीपासून सुमारे अडीच लाख माणसं बाहेर राहिली, पण कायद्याच्या लेखी त्यांचं बोलणारा माणूस दुसराच होता. संप मोडला त्याची कारणं अनेक. त्यातलं हे एक, की सामूहिक बोलणीची चौकट होती, फक्त समूह तिच्या बाहेर उभा होता. सरकारनं ती चौकट बदलली नाही आणि मालकांना ती बदलण्याची गरज नव्हती.

मग न्याय कुठे आहे? आपल्या नाट्यव्यवसायात एक शब्द चालतो, ‘नाईट’. रात्र नव्हे, नटाला एका प्रयोगाचे मिळणारे पैसे. दुपारचा प्रयोग असला तरी नाईटच. नाईट ज्याची त्याची वेगळी, आणि ती ज्यानं त्यानं निर्मात्याशी बोलून ठरवायची. यात अन्याय दिसत नाही, कारण ज्याच्या नावावर बुकिंग होतं त्यानं ‘नाही’ म्हटलं तर निर्मात्याचा प्रयोग बसतो. पडद्यामागे सेट लावणाऱ्याचं तसं नाही. त्याचं काम अडलं तर प्रयोग अडतो, पण तो एकटा अडला तर दुसरा मिळतो. म्हणून त्याच्या दराचं त्याच्या संघटनेनं बोलायचं. ज्याच्या एकट्याच्या नकाराला वजन आहे त्यानं एकट्यानं बोलावं. ज्याचा नकार इतरांच्या नकारात मिळाल्यावरच ऐकू येतो, त्याला एकत्र बोलण्याशिवाय दुसरी बोलणीच नाही. त्याला ‘तू तुझं बघ’ म्हणणं हे स्वातंत्र्य देणं नव्हे.

हे दोन्ही प्रकार एकाच माणसाच्या आयुष्यात कसे गुंततात ते ऊसतोडीत दिसतं. तिथे मोजमापाचं एकक कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा आला तर तो अर्धा कोयता. हत्याराचं नाव माणसांना पडलं, आणि बाई हिशेबात स्वतंत्र उरलीच नाही. तोडणीचा टनामागचा दर साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या बोलणीतून, लवादाकडून ठरतो. जानेवारी 2024 मध्ये त्यात 34 टक्के वाढ ठरली. ती वर्तमानपत्रात छापून आली, बीडपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांना कळली. पण हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल ज्याच्या त्याच्या गरजेवर. कोणाच्या घरी लग्न, कोणाच्या घरी दवाखाना. उचल किती, ती किती फिटली, किती अंगावर राहिली, एखाद्या दिवसाचा खाडा कितीला पडला, हे सगळं मुकादमाच्या वहीत आणि दोघांच्याच बोलण्यात. दर सामूहिक आणि उघडा, कर्ज एकेकट्याचं आणि झाकलेलं. वाढलेल्या दराचा बराचसा हिस्सा कुठे जिरतो हे त्या वहीला ठाऊक.

आता कार्यालयातल्या भाषेकडे वळू. तिथे पगार मागे पडला आणि पॅकेज आलं. पॅकेज बांधलेलं असतं; आत काय आहे ते उघडल्यावर कळतं. मुलाखतीच्या शेवटी ‘आधीचं किती होतं?’ हा प्रश्न येतो आणि मागच्या नोकरीत जो कमी पगारावर गप्प बसला, त्याचं ते गप्प बसणं पुढच्या आकड्यातही मोजलं जातं. नेमणुकीच्या पत्रात पगार कोणाला सांगू नये अशी ओळ असते. आपल्याकडे म्हणतातच, बाईचं वय आणि पुरुषाचा पगार विचारू नये. म्हण झाली ती सभ्यतेपोटी, पण तिचा लाभ कोणाला होतो? शेजारच्या टेबलावर त्याच कामाला दीडपट मिळतात हे ज्याला कळत नाही, तो घासाघीस तरी कशाच्या जोरावर करणार? एकट्यानं बोलणी करणं हेही न्याय्य होऊ शकतं, पण त्याला भाव माहीत असायला हवा. बाजारात भाव पाटीवर लिहितात; पगाराच्या बाजारात पाटी झाकतात आणि मग हुशारीनं बोलणी करा म्हणून सल्ला देतात.

सगळ्यात अवघड शब्द शेवटी घेतो: मानधन. कवीला, वक्त्याला, कीर्तनकाराला दिलेले पैसे ही कामाची किंमत नव्हे, त्याच्या गुणांचा मान आहे, असं सुचवणारा सुंदर शब्द. मानधनावर घासाघीस करणं अशिष्ट. हाच शब्द सरकारनं अंगणवाडी सेविका आणि आशा सेविका यांना लावला. बालकांचं वजन, लसीकरण, पोषण आहार, गरोदर बायांच्या नोंदी, सर्वेक्षण, मोबाइलमधलं ॲप. एवढ्या कामाला मिळतं ते मानधन. मान दिला म्हणून वेतन नाही, वेतन नाही म्हणून वेतनश्रेणी नाही. मागायला गेलं तर तुम्ही स्वयंसेविका. डिसेंबर 2023 पासून राज्यातल्या अंगणवाडी सेविका दीड महिन्याहून जास्त काळ संपावर होत्या. त्याआधी एप्रिल 2022 मध्ये गुजरातमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, आणि त्या कायद्यापुरतं तरी मानधन म्हणजे वेतनच, हे ठरलं. एका शब्दानं अडवलेला हक्क सोडवायला न्यायालयात जावं लागलं.

नव्या औद्योगिक संबंध संहितेत 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला एकटीनं बोलणीचा अधिकार आहे. यातून 1982 सारखा पेच टळेल असं म्हणता येईल, आणि उरलेल्या 49 टक्क्यांचं काय असंही विचारता येईल. पण ज्यांचं मुळात संभाषणच होत नाही त्यांच्यापर्यंत यातलं काही पोचत नाही. असंभाषितवेतनाला दहावा हिस्सा बांधून देताना कौटिल्याला एवढं कळत होतं की न बोलणाऱ्याचा दर त्याच्या गप्प राहण्यावरून ठरू नये. 2025 पर्यंत लागू असलेला आपला 1948 चा किमान वेतन कायदा त्याच समजुतीचा होता. किमान वेतनाच्या वर ज्याला एकट्यानं बोलायचं त्यानं खुशाल बोलावं, ज्यांना मिळून बोलायचं त्यांनी मिळून बोलावं. तळ पक्का असेल तर दोन्ही वाटा चांगल्या. फक्त हा तळ वेतन घेणाऱ्यासाठी आहे. मानधन घेणाऱ्या बाईला आजही तो लागू नाही.